डावी बाजू

कप्तानाला शिव्या द्यायला गावात कुणी तयार नव्हतं, आणि नेमकं हेच त्याच्या मुळावर आलं होतं.

सतरा वर्षं तो या फुटबॉल क्लबकडून खेळला. डावी बाजू, अकरा नंबरचा शर्ट, त्यातली दहा वर्षं संघाचा कर्णधार. क्लबच्या कपाटात जे तीन मोठे चषक आहेत ते तिन्ही त्याच्याच काळातले. पूर्वेकडच्या स्टँडला त्याचं नाव दिलं तेव्हा त्याची सासू म्हणाली होती, जावईबापू, माणूस जिवंत असताना असलं काही करू देऊ नये, मागून लोकांना सुचायला काही उरत नाही. खेळणं सोडून नऊ वर्षं झाली तरी रस्त्यात, बँकेत, न्हाव्याकडे त्याला सगळे कप्तान म्हणत. आताच्या संघालाही एक कर्णधार होता, पण त्या बिचाऱ्याला त्याच्या घरचेसुद्धा कप्तान म्हणत नसत.

गेल्या हंगामाच्या शेवटी क्लबच्या अध्यक्षांनी त्याला प्रशिक्षक केलं. अध्यक्षांचा प्लायवूडचा कारखाना होता आणि फुटबॉलमधलं त्यांना प्लायवूडइतकंच कळत होतं, म्हणजे वरून गुळगुळीत दिसलं की झालं. ते म्हणाले, तुम्ही नुसते मैदानाकडेला उभे राहा, निम्मा सामना तिथेच जिंकला. कप्तान उभा राहिला. तेहतीस सामने उभा राहिला. त्यातले सहा जिंकले.

आता एकच सामना उरला होता. शनिवारी, घरच्या मैदानावर. बरोबरी झाली तरी क्लब वरच्या गटात टिकणार होता. हरला तर साठ वर्षांत पहिल्यांदा खालच्या गटात जाणार होता. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, आणि कप्तानाला तर सोमवारपासून दुसरं काही सुचतच नव्हतं. दाढी करताना हात थांबायचा. जिना चढताना आपण वर कशाला चाललोय ते आठवायचं नाही. खेळत होता तेव्हा सामन्याला निघालेल्या बसमध्ये तो घोरायचा, इतर खेळाडू त्याच्या नाकावर कागदाचे तुकडे ठेवायचे. आता घरच्या पलंगावरही त्याला झोप लागत नव्हती.

दुसरा कुणी असता तर दहाव्या सामन्यालाच त्याच्या हाती नारळ पडला असता. पण अध्यक्षांचं धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं झालं होतं. कप्तानाला काढायचं म्हणजे पूर्वेचा स्टँड पेटायचा. आणि लोकांना तर राग काढायचाच होता, वर्षभर पैसे मोजून हरणं बघायचं आणि गप्प घरी जायचं हे कुठल्या गावात होतं? कप्तानावर तो काढता येत नव्हता. म्हणून तो डाव्यावर निघत होता.

डाव्या म्हणजे संघाचा डावीकडचा बचावपटू. तेवीस वर्षांचा, उंच, थोडा वाकून चालणारा. समोरच्या संघांचे निम्म्याहून जास्त गोल त्याच्या बाजूने व्हायचे, एवढंच लोकांना दिसत होतं. आता त्याने नुसता चेंडूला पाय लावला तरी पूर्वेच्या स्टँडमधून हुर्यो उठायची. मागच्या सामन्यात समोरच्यांचे दोन्ही गोल त्याच्याच बाजूने झाले आणि संध्याकाळी कुणीतरी त्याच्या घराच्या भिंतीवर काळ्या रंगाने काहीबाही लिहून गेलं.

त्या सामन्यानंतर कप्तानाने पत्रकारांसमोर सरळ सांगितलं होतं. चूक डाव्याची नाही, माझी आहे. संघ मी चुकीचा लावला. त्याने हे मनापासून सांगितलं, सांगताना त्याचा आवाज जरा हललाही. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला की कप्तानाचं काळीज किती मोठं, नालायक खेळाडूंचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतो. बातमी वाचून लोकांचा डाव्यावरचा राग आणखी वाढला. असल्या देवमाणसाला या पोराने मान खाली घालायला लावली म्हणून. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते असं, आणि इथे चोर स्वतः ओरडून सांगत होता तरी कुणी ऐकत नव्हतं.

कप्तानाच्या बायकोचं औषधांचं दुकान होतं, बाजाराच्या तोंडाशी. गावात काय बोललं जातं ते सगळं काउंटरवरून तिच्यापर्यंत यायचं. खोकल्याचं औषध घ्यायला आलेला माणूससुद्धा आधी डाव्याला दोन शब्द हाणायचा, मग खोकायचा. वर तिलाच धीर द्यायचा की वहिनी, साहेबांना म्हणावं तब्येत सांभाळा, त्यांचं काय चुकलंय? मंगळवारी सकाळी डाव्याची आई आली. रक्तदाबाच्या गोळ्या हव्या होत्या. रांगेत उभी असताना पुढचा माणूस डाव्याबद्दलच बोलत होता, तिला ओळखत नव्हता. ती मुकाट्याने ऐकत उभी राहिली, गोळ्या घेतल्या आणि गेली.

बायकोने हे दुपारी फोनवर सांगितलं. मग म्हणाली, "तू काहीतरी कर."

"मी पत्रकारांना सांगितलं ना."

"सांगितलंस. त्याने तुझंच नाव झालं," ती म्हणाली, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून तिने फोन ठेवला.

कप्तानाचा सहायक होता त्याला सगळे खिंडार म्हणायचे. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेला. कप्तान खेळायचा त्या काळात खिंडार त्याच्या मागे, डावीकडच्या बचावात, नऊ वर्षं खेळला होता. प्रशिक्षक झाल्यावर कप्तानाने त्यालाच मागून घेतलं. खरं सांगायचं तर हा आपल्याशी वाद घालणार नाही म्हणून.

खिंडारची खोली कपडे धुण्याच्या खोलीला लागून होती. पलीकडे संघाचे शर्ट यंत्रात घरघर फिरायचे, टेबल हलायचं, आणि सगळ्याला साबणाचा वास यायचा. मंगळवारी दुपारी त्याने कप्तानाला बोलावून लॅपटॉपसमोर बसवलं. वर्षभरात डावीकडून खाल्लेले गोल त्याने एकापाठोपाठ एक लावून ठेवले होते. कप्तानाला ते बघवत नव्हते, पण उठताही येईना.

"डाव्याकडे बघ," खिंडार म्हणाला. "समोरून दोघं येतायत. हा एकटा. एकाला धरला की दुसरा सुटतो."

"दिसतंय."

"आता आपला अकरा नंबर कुठाय ते शोध."

शोधायला लागलं नाही. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात, मैदानाच्या मध्यरेषेजवळ, कमरेवर हात ठेवून तो उभा होता. पुढच्या गोलातही तिथेच. त्याच्या पुढच्यातही.

लोक त्याला धाकटा म्हणायचे, म्हणजे धाकटा कप्तान. तसाच डावखुरा, तसाच चेंडू पायाला चिकटवून पळणारा, केससुद्धा तसेच उडणारे. चेंडू त्याच्याकडे गेला की स्टँड उभा राहायचा. कप्तान त्याला पहिल्यांदा खेळताना बघून रडला होता, हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्याला स्वतःचा शर्ट त्यानेच दिला. आणि तेहतीस सामन्यांत एकदाही त्याला बाहेर काढलं नव्हतं.

"तो तिथे उभा असला की समोरचे घाबरतात," कप्तान म्हणाला. "त्यांची दोन माणसं त्याच्यासाठी मागे थांबतात."

"पूर्वी थांबायची. आता त्यांना कळलंय की हा मागे येत नाही. म्हणून तेच पुढे येतात."

"मीही असाच उभा राहायचो."

"माहितेय," खिंडार म्हणाला. "मी मागे होतो."

शेजारच्या खोलीतलं यंत्र थांबलं. कप्तानाने त्याच्याकडे बघितलं. खिंडार पडद्याकडेच बघत होता आणि पुढचा गोल लावत होता.

खिंडार हे नाव कुठून आलं, याचा कप्तानाने कधी विचारच केला नव्हता. टोपणनावं असतात तसं एक. आता त्याला आठवलं की ते स्टँडमधूनच आलं होतं. भिंतीला खिंडार पडलंय, खिंडार बुजवा, असं लोक सुरात ओरडायचे, आणि संघातली मंडळी हसायची, तोही हसायचा, आणि वाटायचं खिंडारही हसतोय. खिंडार आता शांतपणे सांगत होता, हवापाण्याचं बोलावं तसं, की त्याचे वडील प्रत्येक सामन्याला यायचे पण शेजारच्या माणसाला कधी सांगायचे नाहीत की हा माझा मुलगा. एकदा बाजूच्याने विचारलं, काका, तुम्ही का नाही ओरडत? तर ते म्हणाले घसा बसलाय.

"तू कधी बोलला नाहीस," कप्तान म्हणाला.

"कधी बोलू? सामना संपला की तुला खांद्यावर घेऊन निघालेले असायचे." त्याने लॅपटॉप मिटला. "शनिवारी धाकट्याला बसव. टेम्पोला लाव."

टेम्पो हा मधल्या फळीतला खेळाडू. चाल मंद, पण नव्वद मिनिटं सगळीकडे माल पोचवणार, म्हणून टेम्पो. त्याचा खेळ बघायला त्याची बायकोही येत नसे. त्याला डाव्याच्या पुढ्यात लावला तर डावी बाजू बंद होणार, हे कप्तानाला कळत नव्हतं असं नाही. त्याला ते बऱ्याच आठवड्यांपासून कळत होतं. पण घरचं मैदान, शेवटचा सामना आणि धाकटा बाकावर! लोक काय म्हणतील?

तो हे मोठ्याने म्हणाला असावा, कारण खिंडार म्हणाला, "तुला म्हणतील. एकदा ऐकून तर बघ."

कप्तानाने विचार करतो म्हणून सांगितलं आणि दोन दिवस केलाही. बुधवारी ठरवलं, बसवायचं. गुरुवारी सकाळी ठरवलं, बसवायचं नाही, नुसतं समजावायचं. गुरुवारचा सराव बघायला दोन-तीनशे माणसं कुंपणाला टेकून उभी होती. कप्तानाने धाकट्याला हाक मारली आणि सांगितलं, चेंडू गेला की मागे यायचं, डाव्याला मदत करायची. धाकटा काही उद्धट नव्हता. त्याने खरोखरच्या उत्सुकतेने विचारलं, "सर, तुम्ही यायचात का मागे?"

सगळा संघ हसला. कुंपणाजवळची माणसं काय झालं ते न कळताच हसली. आणि कप्तानही हसला. हसत हसत त्याने धाकट्याच्या पाठीवर थाप मारली आणि विषय संपला. डाव्या तेवढा हसला नाही, तो वाकून बुटाची नाडी बांधत होता. खिंडारने शिट्टी वाजवून पुढचा सराव सुरू केला.

शुक्रवारी संघाची यादी फळ्यावर लागली. डावीकडे पुढे धाकटा, मागे डाव्या. खिंडारने ती वाचली. तो काहीतरी बोलेल म्हणून कप्तान फळ्याजवळ उगीच रेंगाळला होता. शेवटी स्वतःच म्हणाला की लोकांचा पाठिंबा हवा असेल तर लोकांचा आवडता मैदानात हवा. खिंडार म्हणाला, हो ना.

शनिवारी सकाळी त्याने शर्टाची बटणं दोनदा चुकीची लावली. बायको शेवटी पुढे आली आणि लावून देऊ लागली. ती म्हणाली, तू भितोस, हे पहिल्यांदा बघतेय मी. तो म्हणाला, क्लब खाली गेला तर? तिने शेवटचं बटण लावलं. मग म्हणाली, "क्लबची भीती आहे ना तुला? की लोकांना तू आवडेनासा होशील याची?" खाली गाडीत बसून त्याने पाच मिनिटं चावी नुसती हातात धरून ठेवली.

मैदान खचाखच भरलं होतं. कप्तान ड्रेसिंग रूमकडच्या बोगद्यातून मैदानावर आला तेव्हा पूर्वेचा स्टँड उभा राहून त्याचं नाव घेऊ लागला. हेच नाव ऐकून पूर्वी अंगात दहा माणसांचं बळ यायचं. आज त्याला वाटलं, कुणीतरी आपल्याला उंच कट्ट्यावर चढवून शिडी काढून घेतली आहे. त्याने हात वर केला.

पहिला अर्धा भाग गोलाविना गेला, पण कसा गेला ते बाकावर बसलेल्यांनाच ठाऊक. समोरचे पुन्हा पुन्हा डावीकडूनच येत होते. डाव्या एकाला अडवायचा, दुसरा सुटायचा. गोलरक्षकाने दोन चेंडू कसेबसे बाहेर ढकलले. एक खांबाला लागून परतला. दर वेळी स्टँडमधून डाव्याच्या नावाने आरडाओरडा. हळूहळू डाव्या चेंडू आपल्याकडे येऊ नये म्हणून बाजूला सरकायला लागला. असं करणारा बचावपटू म्हणजे संघात दहाच माणसं. धाकटा मध्यरेषेवर कमरेवर हात ठेवून उभा होता. एकदा त्याने तिघांना चकवून चेंडू गोलाच्या वरून बाहेर मारला, तरी लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं.

मध्यंतरात डाव्या ड्रेसिंग रूममध्ये टॉवेलखाली डोकं घालून बसला होता. कप्तान त्याच्याशी बोलायला म्हणून गेला आणि जवळ गेल्यावर त्याला दिसलं की पोराची मांडी आपोआप उडतेय, हाताने दाबून धरली तरी थांबत नाहीये. तो तसाच परत फिरला. त्याला स्वतःची लाज वाटली. वर्षभर या पोराला आपण आपल्यापुढे ढालीसारखं धरलंय, आणि लोक म्हणतायत काळीज मोठं.

एकसष्टाव्या मिनिटाला पुन्हा दोघं डावीकडून घुसले. डाव्या चुकीच्याकडे धावला, चेंडू गोलासमोरून सरकत गेला, कुणाचा पाय लागला नाही म्हणून गोल झाला नाही. "काढा त्याला," असं स्टँड एका सुरात ओरडू लागला.

कप्तान उठला. खिंडारला म्हणाला, टेम्पोला तयार कर. खिंडारने विचारलं, कुणाच्या जागी? कप्तानाने सांगितलं. खिंडारने एकदा त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि धावत गेला. त्या गुडघ्यांनी जेवढं धावता येतं तेवढं.

खेळ थांबला. चौथ्या पंचाने आकड्यांचा फलक वर करायच्या आतच डाव्या मान खाली घालून बाहेर यायला निघाला. त्याने फलकाकडे बघितलंच नाही, त्याला वाटलं आपणच. स्टँडही टाळ्या पिटायला लागला, सुटलो एकदाचे अशा. फलकावर अकरा होते. तो बघून धाकटा हसला आणि डाव्याकडे बोट दाखवत पंचांना सांगू लागला की काहीतरी चूक झालीय. डाव्या रेषेपर्यंत येऊन पोचला होता.

आता कप्तानाला नुसतं उभं राहून चालणार नव्हतं. तो रेषेच्या टोकापर्यंत गेला, पूर्वेच्या स्टँडसमोर, सगळ्यांना दिसेल असा. त्याने डाव्याच्या छातीला हात लावून त्याला थांबवलं आणि वळवून मैदानात परत लोटलं. मग हात पूर्ण उंच करून धाकट्याकडे बोट केलं आणि त्याला बाहेर बोलावलं. एकदा. धाकटा हलला नाही तेव्हा पुन्हा एकदा.

बारा हजार माणसं बघत होती. मग ते आलं.

आधी एकच आवाज होता, वरच्या रांगांमधून, आणि कप्तानाला वाटलं दुसऱ्या कुणासाठी असेल. मग सगळा स्टँडच. त्याचं नाव लावलेला स्टँड. शब्द वेगळे ऐकू येत नव्हते, तो नुसता एक जाड आवाज होता आणि तो त्याच्यासाठी होता. त्याला वाटलं, हात वर करावा, सांगावं थांबा, चूक झाली, याला ठेवतो. सतरा वर्षांत त्या बाजूने त्याच्याकडे असं काही कधी आलं नव्हतं, आणि ते कसं झेलायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. धाकटा त्याच्याकडे न बघता बाजूने निघून गेला. टेम्पो आत पळाला.

खेळ सुरू झाला आणि चेंडू डाव्याकडे आला. डाव्याने खांदे आवळले. काहीच झालं नाही. लोकांना सवड नव्हती, ते कप्तानाला ओरडत होते. डाव्याने चेंडू थांबवला, मान वर केली आणि टेम्पोला दिला. टेम्पोने परत दिला.

पुढची वीस-बावीस मिनिटं डावी बाजू बंद राहिली. समोरचे दोन-तीनदा आले, टेम्पोने एकाला अडवला, डाव्याने दुसऱ्याला. डाव्या धावत होता, हात करून साथीदारांना जागा दाखवत होता, एकदा तर ओरडलाही. वर्षभरात त्याचा आवाज मैदानावर कुणी ऐकला नव्हता. खेळ दिसायला कंटाळवाणा होता. धाकटा नसल्यामुळे पुढे कुणी काही करत नव्हतं, आणि दर कंटाळवाण्या मिनिटागणिक स्टँड जास्त चिडत होता. कप्तान रेषेवरच उभा राहिला. मागून बाटल्यांची टोपणं आली, एक कानाला लागलं. त्याने घड्याळ बघितलं, चार मिनिटं उरली होती.

आणि तेव्हा गोल झाला. डावीकडून नव्हे. उजवीकडून एक साधा चेंडू आत आला, टेम्पो इमानदारीने पार गोलापर्यंत मागे धावत आला होता, चेंडू त्याच्या नडगीला लागला, दिशा बदलली आणि आत गेला. गोलरक्षक दुसऱ्याच बाजूला पडला होता. टेम्पो तिथेच गुडघ्यावर बसला.

त्यानंतरच्या चार मिनिटांत काही झालं नाही. शेवटची शिट्टी वाजली आणि क्लब खालच्या गटात गेला.

कप्तान जागचा हलला नाही. खिंडार शेजारी येऊन उभा राहिला. "वर्षभर चुकलास तेव्हा टाळ्या होत्या," तो म्हणाला. "आज बरोबर होतास."

"क्लब बुडाला, खिंडार."

"हो. तो काही आज नाही बुडाला."

बोगदा पूर्वेच्या स्टँडखाली, दूरच्या कोपऱ्यात होता. तिथे जायला स्टँडच्या पूर्ण लांबीला, लोकांच्या अगदी नाकासमोरून चालत जावं लागे. दुसरी वाट नव्हती. माणसं कठड्यापर्यंत खाली उतरून आली होती. खेळाडू मैदानाच्या मध्यावर घोळका करून उभे होते, कुणाचीच आधी निघायची हिंमत होत नव्हती. टेम्पो रडत होता आणि डाव्याने त्याच्या मानेवर हात ठेवला होता.

कप्तान त्यांच्याकडे गेला नाही. तो एकटाच कठड्याच्या दिशेने निघाला, आणि सावकाश चालायला लागला. मुद्दामच सावकाश. सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे वळली. त्यातली कितीतरी त्याच्या ओळखीची होती. न्हावी होता. बँकेतला रोखपाल होता, ज्याने मुलाचं बारसं कप्तानाच्या हातून करवलं होतं. ते दोघंही ओरडत होते. तूच बुडवलंस, असं कुणीतरी अगदी जवळून म्हणालं. कप्तान थांबला आणि त्या माणसाकडे बघून म्हणाला, हो, मीच. माणूस आणखी भडकला. कप्तान पुढे निघाला. त्याच्या पलीकडून, मैदानाच्या आतल्या बाजूने, खेळाडू एकेक करून बोगद्याकडे जात होते. डाव्या टेम्पोला धरून गेला. त्यांच्याकडे कुणाचं लक्षही गेलं नाही.

मागे पावलांचा आवाज आला, एक पाय जरा ओढल्यासारखा. खिंडार त्याच्या आणि कठड्याच्या मध्ये शिरू बघत होता. कप्तानाने त्याला दंडाला धरून आपल्या आतल्या बाजूला घेतलं. अजून निम्मा स्टँड चालायचा होता. काहीतरी ओलं येऊन कप्तानाच्या गालावर पडलं. त्याने ते बाहीने पुसलं.

थोडं पुढे गेल्यावर त्याने विचारलं, "सवय होते का रे याची?"

खिंडारने जरा विचार केला.

"नाही," तो म्हणाला, आणि दोघं तसेच सावकाश चालत राहिले.